ऑलिम्पिकमधला पुरुषांचा फुटबॉल बंद करा, महिलांचा राहू दे

गंगावेसचा गोली
शिव्या खायच्या तयारीनंच लिहितोय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलला महिलांचे १६ संघ असणार आणि पुरुषांचे १२. पॅरिसला बरोब्बर उलटं होतं. आमच्या कोल्हापूरच्या कट्ट्यावर यावरून 'बसवा आता बायकांना डोक्यावर' असा सूर लागलाय. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. पुरुषांचे ते १२ तरी कशाला?

ऑलिम्पिकचा पुरुष फुटबॉल म्हणजे काय? १९९२ पासून २३ वर्षांखालची पोरं, आणि १९९६ पासून त्यात तीन मोठे खेळाडू घ्यायची मुभा. फिफाला वर्ल्ड कपच्या तोडीची दुसरी स्पर्धा नकोच आहे, म्हणून ही मेख मारून ठेवलीय. बरं, क्लबांवर खेळाडू सोडायचं बंधनही नाही. २००८ ला बार्सिलोना मेस्सीसाठी क्रीडा लवादापर्यंत गेली आणि जिंकली. मग त्यांचा कोच गार्डिओलानं 'जा' म्हटलं म्हणून तो बीजिंगला खेळला. २०२४ ला ऑलिम्पिक पॅरिसमध्ये, एम्बापे पॅरिसचा, आणि रियल माद्रिदनं त्याला सोडलाच नाही. घरचं कार्य आणि थोरल्या पोरालाच सुट्टी नाही!

महिलांना वयाची अट नाही. देशाची खरी टीम उतरते. २०१२ ला वेम्ब्लीवर अमेरिका-जपान फायनलला ८० हजारांवर माणूस होतं. वर्षभर आधी वर्ल्ड कपच्या फायनललाही हेच दोन संघ होते. पुरुषांच्या ऑलिम्पिकबद्दल असं कधी म्हणता येईल का?

पेठेचा पठ्ठ्या
भावा, रिओ २०१६ विसरलास? माराकाना, समोर जर्मनी, दोन वर्षांपूर्वी वर्ल्ड कपच्या सेमीत त्यांच्याकडूनच खाल्लेल्या ७-१ ची जखम ओली, आणि शेवटची पेनल्टी नेमारच्या पायात. ब्राझीलचं फुटबॉलमधलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड. आमच्या गल्लीत पहाटे पहाटे फटाके उडाले होते. म्हणे बंद करा!

जुना लेफ्ट आउट
पठ्ठ्या, फटाके तुम्ही कशालाही उडवता, तो पुरावा नव्हे.

गोली, तुझी नजर युरोपच्या क्लबांवर आहे. जरा आफ्रिकेकडे बघ. १९८८ सोल, झांबियानं इटलीला ४-० धुतलं, कालुशा ब्वाल्याची हॅट्‌ट्रिक. १९९६ ला नायजेरिया गोल्ड, अर्जेंटिनाला ३-२ हरवून. २००० ला कॅमेरून गोल्ड. वर्ल्ड कपच्या सेमीत आफ्रिकेचा देश पोचायला २०२२ उजाडावं लागलं. ज्यांना वर्ल्ड कपमध्ये कुणी विचारत नव्हतं त्यांना मोठ्या व्यासपीठावर जिंकायची संधी इथंच मिळाली.

आणि आपलं? मेलबर्न १९५६, नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक मारली, आपण ४-२ जिंकलो आणि स्पर्धेत चौथे आलो. एशियाडला १९५१ आणि १९६२ असं दोनदा गोल्ड. १९६२ ला जकार्तात तर अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात. जर्नेल सिंग खरा डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले, तरी फायनलला फॉरवर्डला उतरला आणि कोरियाला गोल मारला. भारतीय फुटबॉलचं जे काही नाव आहे ते असल्याच स्पर्धांतलं. तेच दार लावून घ्यायला निघालास होय रे?

गंगावेसचा गोली
तात्या, १९५६ आणि १९६२ ला वयाची अट होती का? उतरली ती देशाची पहिली टीम. तुम्ही माझीच वकिली करताय.

एशियाडला ही २३ वर्षांची भानगड २००२ पासून आली. मग २०२३ ला हांगझोऊला काय झालं? आयएसएल, म्हणजे आपली क्लबांची लीग तोंडावर, क्लब पोरं सोडेनात, टीम मॅचच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरली आणि दुसऱ्या दिवशी चीनकडूनच ५-१ खाल्ली. ३९ वर्षांचा छेत्री बिचारा गाडा ओढत होता. त्याच्याच पेनल्टीवर बांगलादेशाला १-० हरवलं, नाहीतर गटातच गाशा गुंडाळला असता. ही कसली राष्ट्रीय टीम? जमेल तो आला.

स्मिता, राजारामपुरी
महिलांची बाजू घ्यायला कुणीतरी दादा उभा राहिला, बरं वाटलं. पण पुरुषांचं बंद केलं की महिलांचं आपोआप वर येतं, हे गणित मला पटत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, एफएनं, १९२१ ला क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी घातली, ती जवळपास ५० वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये तर १९७९ पर्यंत कायद्यानंच बंदी. त्यांची खेळाडू फोर्मिगा जन्मली १९७८ ला, म्हणजे तिनं चेंडूला पहिली लाथ मारली असेल तेव्हा नुकती कुठं ती बंदी उठली होती. तीच बाई पुढं सात ऑलिम्पिक खेळली. तिला मैदान मोकळं मिळालं, ते कुणा पुरुषाला घरी बसवून नाही.

आता इथलं सांगते. माझी भाची चौदा वर्षांची, राइट बॅक. सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस. मोठ्या पोरांचा ग्रुप आला की या पोरींनी आपले कोन उचलायचे आणि कॉर्नरच्या कडेला सरकायचं, कुणी सांगावंही लागत नाही. पायात भावाचे जुने स्टड, पुढच्या बाजूला कापूस कोंबलेला. गेल्या मोसमात एका स्पर्धेत मुलींची फायनल सकाळी आठला लावली, कारण दुपारी मुलांची सेमी. फायनल सकाळी, सेमी दुपारी! बघायला आम्ही पालक आणि एक चहावाला. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप. किल्लीवाला दहाला उगवला तेव्हा बक्षीस समारंभ उरकला होता. १६ संघ लॉस एंजेलिसला झाल्यानं हे कुलूप निघणार आहे का?

पेठेचा पठ्ठ्या
ताई, राग मानू नका, पण लोक येत नाहीत ते खेळाच्या दर्जामुळं. टोकियोला नेदरलँड्स १०, झांबिया ३. ह्याला मॅच म्हणायची? चार संघ वाढवले की असले स्कोअर अजून बघायचे.

स्मिता, राजारामपुरी
त्याच मॅचमध्ये झांबियाच्या बार्ब्रा बांडानं हॅट्‌ट्रिक मारली होती, हे बघितलंत का? पुढच्या मॅचला चीनशी ४-४, परत तिचीच हॅट्‌ट्रिक. पॅरिसला ऑस्ट्रेलियाशी ६-५, तिसऱ्यांदा. अकरा गोलांचा कंटाळा येत असेल तर शाहू स्टेडियमवर ०-० आणि वर हाणामारी बघायला तिकीट काढून का बसता? आणि ब्राझीलनं वर्ल्ड कपच्या सेमीत सात खाल्ले तेव्हा दर्जा आठवला नाही, तेव्हा 'जखम ओली' होती.

टेंबलाईचा तिरका
हाणामारी हा वेगळा क्रीडाप्रकार हाय ताई. त्याला वयाची अट न्हाई.

लाल मातीवाला
सगळेच चुकताय. ऑलिम्पिकमधून फुटबॉल दोन्ही काढा. फुटबॉलला वर्ल्ड कप आहे, युरो आहे, कोपा आहे. आमच्या कुस्तीला ऑलिम्पिकहून मोठं काय आहे? आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तीच कुस्ती बाहेर काढायला निघाले होते, सप्टेंबरात कशीबशी वाचली. पॅरिसला फुटबॉलचे २८ संघ, प्रत्येकी १८ धरले तरी ५०० वर खेळाडू. तेवढ्यात कितीतरी वजनी गट बसतील. कोल्हापूरचं नाव मल्टी-स्पोर्ट स्पर्धांत कुणी काढलं? राही सरनोबत, २०१८ एशियाड गोल्ड. स्वप्नील कुसाळे, पॅरिसचं ब्राँझ. दोघंही नेमबाज. फुटबॉलवेडं शहर म्हणून आपण मिरवतो, पदकं मात्र रेंजवरून येतात.

जुना लेफ्ट आउट
लाल मातीवाले, तो प्रयोग करून झालाय. १९३२ ला ऑलिम्पिक लॉस एंजेलिसलाच होतं आणि फुटबॉल नव्हता. १९३६ ला गुपचूप परत आणला. बाकी कुस्तीचं म्हणाल तर मान्य, तो अन्यायच होता.

गंगावेसचा गोली
मी बंद करा वरच ठाम आहे. एक सांगतो आणि थांबतो. आपली पुरुष सीनियर टीम २०२७ च्या आशियाई चषकाला पात्र ठरली नाही. सिंगापूरनं आपल्याला गोव्यात, घरच्या मैदानावर २-१ हरवलं. महिलांनी २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्या घरात जाऊन २-१ हरवलं आणि आशियाई चषकाचं तिकीट काढलं. पात्रता फेरी जिंकून जायची ही त्यांची पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मेस्सी-नेमारचे कटआउट चौकाचौकात लागतात, हिचा साधा फोटो कुणी बघितलाय का?

जुना लेफ्ट आउट
मी बघितलाय. पण अर्धंच नको सांगू. हांगझोऊला आपल्या महिला तैवानशी २-१ आणि थायलंडशी १-० हरून गटातूनच परतल्या. तिथं ना २३ ची अट होती, ना आयएसएलचा अडसर. पुरुषांच्या हरण्याचं खापर तू नियमावर फोडतोस, मग या हरण्याचं कशावर फोडायचं ते सांग.

स्मिता, राजारामपुरी
वर्षभरात त्यांना खेळायला किती मॅचेस मिळतात, ते आधी बघा तात्या. मग खापर शोधू.