मदत हवी आहे : युरियाला ‘उत्प्रेरक’ म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही विज्ञान शिक्षक नववी-दहावीच्या मुलांसाठी एक छोटा अंक काढतो आहोत. खतांवरचा लेख माझ्याकडे आहे. तो लिहून झालाय, अडलंय ते शीर्षकावर. संपादन बघणाऱ्या सरांनी ‘युरिया : हरितक्रांतीचा उत्प्रेरक’ असं सुचवलंय. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा पदार्थ.

लेखाचा निम्मा भाग अमोनियावर आहे, कारण युरिया त्यापासूनच होतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले की हायड्रोजनशी अभिक्रिया होता होत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हे जमवलं ते ऑस्मियम वापरून. एवढा दुर्मीळ धातू कारखान्याला कुठून पुरणार? मग ही अभिक्रिया कारखान्याच्या पातळीवर नेणारे कार्ल बॉश यांचे सहकारी अल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून लोखंडाचा उत्प्रेरक शोधला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाउला पहिला कारखाना सुरू झाला. आपल्याकडे अलिबागजवळ थळला अमोनिया होतो तोही याच अभिक्रियेने.

मुलांच्या मनावर मला ठसवायचंय ते हे, की ते लोखंड अमोनियात जात नाही. नायट्रोजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, तिथे त्याचा बंध सुटतो, हायड्रोजन जोडला जातो, तयार झालेला अमोनिया निघून जातो आणि जागा पुन्हा मोकळी. तेच लोखंड वर्षानुवर्षं चालतं. वर्गात हे दाखवायला मी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकतो. फसफसून ऑक्सिजन येतो, विझत आलेली काडी नळीच्या तोंडाशी धरली की भपकन पेटते. सगळं शांत झालं की काळी भुकटी गाळायची, वाळवायची, तोलायची. वजन होतं तेवढंच भरतं. काडी पेटण्यापेक्षाही मुलांना या वजनाचं नवल जास्त वाटतं.

आता युरिया बघा. तो शेतात पडतो, जमिनीतल्या युरिएज या विकरामुळे (म्हणजे सजीवांनी बनवलेल्या उत्प्रेरकामुळे) त्याचा अमोनिया होतो, पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि तो नायट्रोजन गव्हाच्या पानात, दाण्यात जातो. म्हणजे युरिया संपतो, म्हणून तर दर हंगामाला नवी गोणी लागते. या साखळीत उत्प्रेरक कोण असेल तर ते युरिएज!

सरांचं म्हणणं, ‘बदलाचा उत्प्रेरक’ असं वर्तमानपत्रात रोज छापून येतं, मुलं तेही वाचतात. खरं आहे. पण आत व्याख्या शिकवायची आणि शीर्षकात तिच्या उलट वापर करायचा, हे मुलांवर अन्याय करणारं वाटतं. ‘प्रवर्तक’ म्हटलं तर क्रांती युरियानेच सुरू केली असा अर्थ निघतो. ‘प्रेरक’ तर अगदीच भाषणातला. जाणकारांनी कृपया सुचवावं.

प्रतिसाद १

सर, लाक्षणिक वापराला माझी हरकत नाही, पण त्यातही मूळ अर्थाचा गाभा राहायला हवा. बदल होण्याजोगा असावा, रखडलेला असावा, आणि त्याला वेग देणारा स्वतः त्यात खर्ची पडू नये. लग्न जमवणारा मध्यस्थ खरा उत्प्रेरक: स्थळं जुळवून देतो आणि पुढच्या घरी जायला मोकळा. युरिया या कसोटीला उतरत नाही.

शिवाय नुसत्या युरियाने हरितक्रांती झाली नसती. जुने उंच गहू जास्त नत्र दिलं की आडवे पडायचे. साठच्या दशकात बुटक्या जाती आल्या, पाण्याची सोय होती, म्हणून खत अंगी लागलं. ‘हरितक्रांतीला बळ देणारा युरिया’ म्हणा. साधं आहे आणि खोटं नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. लेखात आणखी एक वाक्य जरूर घाला. उत्प्रेरकामुळे अमोनिया लवकर मिळतो, पण जास्त मिळत नाही. लोखंड उलट दिशेची अभिक्रियाही तितकीच वेगवान करतं. प्रमाण वाढवायला दाब वाढवावा लागतो आणि तयार अमोनिया थंड करून बाजूला काढत राहावा लागतो. ‘उत्प्रेरक बदल घडवून आणतो’ असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात ते यामुळेच खटकतं. बदल त्याच्याविनाही शक्य असतो, फक्त फार सावकाश.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दाबाचं वाक्य घातलं. शीर्षक ‘हवेतून गव्हात : नायट्रोजनचा प्रवास’ असं करून सरांना पाठवलंय, ‘बळ देणारा युरिया’ उपशीर्षकात घेतलंय. आता एकच शंका. युरिएजसाठी मी पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘विकर’ लिहिलंय, पण विश्वकोशात ‘एंझाइम’ आहे. दहावीनंतर पुढे शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने कोणता ठेवू?