मेलानोमाचे पेशंट खरंच वाढलेत का?

केसपेपरवाली:
मी स्किनला रेसिडेंट आहे, थीसिससाठी दोन महिने झाले रेकॉर्ड रूममध्ये धूळ खातेय, जुन्या केसपेपरांची गाठोडी सोडायची नि परत बांधायची. मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या काळ्या कॅन्सरच्या, नोंदी आधी अगदी तुरळक, अलीकडच्या वर्षांत बऱ्याच. गाईड म्हणतात ग्राफ काढ नि आजार वाढतोय असं लिही, पण मला पटेना. आणि पुस्तकात सगळं ऊन, गोरी कातडी, पाठ-खांदे, आमच्याकडे मात्र तळपाय नाहीतर नख. कोणी केलंय का असं काम?

परळनाका:
वाढतोय असं लिहू नकोस गं बाई. हॉस्पिटलचा आकडा म्हणजे दाराशी कोण आलं त्याचा आकडा. मधेच कॅन्सरचा सर्जन रुजू झाला असेल, लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी ओळखायचे इम्युनो स्टेन सुरू झाले असतील, बाहेरगावचे रेफर व्हायला लागले असतील, काहीही. रेट काढायचा तर खाली लोकसंख्या पाहिजे, ती कुठून आणणार? मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ची, देशातली पहिली, ती शहरात राहणाऱ्यांचंच मोजते, तिच्याशी ताडून बघ. आपल्याकडे वर्षाला लाखात एकही केस निघत नाही, त्यामुळे दोनचार पेशंट इकडेतिकडे झाले की ग्राफ नाचतो. त्यापेक्षा ब्रेस्लो जाडी, म्हणजे गाठ कातडीत किती खोल गेलीय ते बघ, १ मिमीच्या आतले वाढले असतील तर लोक लवकर येतायत एवढं तरी म्हणता येईल. तळपायाचं म्हणशील तर त्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंधच नाही. गायक बॉब मार्लीचंही हेच, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली, आधी फुटबॉलची दुखापत समजले, १९८१ला ३६व्या वर्षी गेला.

चाळकरी:
बापरे, माझ्या तर दोन-तीन नखांवर काळ्या रेघा आहेत!!

परळनाका:
सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर असतात, बहुतेक वेळा काही नसतं. एकाच नखावर नवीन आली, रुंद होतेय, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलाय, असं असेल तर लगेच दाखवा.

ठाणेस्लो:
मी डॉक्टर नाही, पण एक सांगतो. बाबांच्या टाचेला काळा डाग होता, कुरूप समजून आम्ही कॉर्न कॅप लावत बसलो, वर ते स्वतः ब्लेडने तासायचे, चांगले आठ-नऊ महिने. दाखवलं तेव्हा जांघेत गाठ आलेली. ओपीडीत पोरसवदा डॉक्टरने विचारलं कधीपासून, मी म्हटलं दोन महिने. लाज वाटली हो. त्याने तेच लिहिलं.

केसपेपरवाली:
दादा, तो किती दिवसांपासूनचा कॉलम मी सगळ्यात आधी भरला, तोच सगळ्यात सोपा वाटलेला. आता त्यावरून काही काढायची हिंमत होईना. बाबा कसे आहेत?

ठाणेस्लो:
टाचेला ग्राफ्ट आहे, वॉकर घेऊन नाक्यापर्यंत जातात. चप्पल मात्र खास बनवून घ्यावी लागली, एकाच पायाची, तर चांभार दोन्हीचे पैसे मागत होता.