सहायक फीडवॉटर पंपाचा डिस्चार्ज गरम लागतोय. चेक व्हॉल्व्ह गळतोय का?

फीडलाइन:
प्रेशराइज्ड वॉटर रिअॅक्टरची (अणुभट्टीचा एक प्रकार) सहायक फीडवॉटर प्रणाली, म्हणजे मुख्य पुरवठा नसताना स्टीम जनरेटरला पाणी देणारी. तीन पंप, सक्शन हेडर (पंपांना पाणी पोचवणारा मुख्य पाइप) सामाईक. प्रत्येक पंपाच्या डिस्चार्जला ६ इंची स्विंग चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, आत बिजागरीवर झुलणारी डिस्क असलेला) आणि पुढे स्टीम जनरेटरच्या अलीकडे आणखी एक. पंप बंद असताना डिस्चार्ज पाइप पंपाकडच्या बाजूला ६८ अंश सेल्सिअस आहे, केसिंग (पंपाचं कवच) ५५ अंश, आणि खोली ३२ अंश. तिमाही चाचणीत याच व्हॉल्व्हमधून पूर्ण फ्लो व्यवस्थित गेला होता. मग दोष कुठे शोधायचा? गळतीला ५ गॅलन प्रति मिनिट ही मर्यादा धरायची का?

पंपघर:
एक नव्हे, दोन व्हॉल्व्ह गळताहेत असं धरून चाला. उष्णता स्टीम जनरेटरच्या बाजूने येतेय आणि वाटेत दोन व्हॉल्व्ह आहेत. फक्त पुढचा गळत असता तर दोघांमधल्या पाइपात प्रेशर चढून तिथेच थांबलं असतं. मधल्या भागात गेज असेल तर पहिलं तेच वाचा. नुसत्या धातूतून आलेली उष्णता काही फुटांतच उतरते, केसिंगपर्यंत पोचत नाही.

पंप उपलब्ध धरायचा की नाही, हा प्रश्न आजच सोडवा. ५५ अंशांला पाण्याचं बाष्पदाब साधारण १६ किलोपास्कल असतं, ३२ अंशांला ५. म्हणजे सक्शनचं १.१ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) आत्ताच गेलं. पाणी १०० अंशांच्या वर चढलं आणि सक्शन जवळपास वातावरणाच्या दाबावर असेल, तर केसिंगमध्ये वाफ भरते आणि पंप सुरू झाला तरी पाणी उचलत नाही. सक्शन सामाईक असल्याने ती वाफ शेजारच्या पंपातही जाऊ शकते. जादा पंप ठेवण्यामागचा हेतूच तिथे संपतो.

आधी तापमानं आणि प्रेशर लिहून घ्या. व्हॉल्व्हला हातोडीने ठोकू नका. डिस्क सीटवर (ती बंद होताना टेकते त्या कडीवर) बसेल, पण ती मुळात कशी अडकली होती हे कायमचं पुसलं जाईल. मग केसिंगचा व्हेंट हळू उघडा, गरम पाणी किंवा वाफ येईल म्हणून तोंडासमोर उभं राहू नका. थंड, सलग पाणी आलं की पंप रिसर्क्युलेशनवर (पाणी स्टीम जनरेटरला न देता परत फिरवणाऱ्या फाट्यावर) चालवून केसिंग खोलीच्या तापमानाला आणा. बंद केल्यावर दर तासाला तापमान घ्या. थंड राहिलं तर सीटवर कचरा होता असं समजायला जागा आहे. पुन्हा चढू लागलं तर व्हॉल्व्ह उघडावाच लागेल. तोवर तिन्ही केसिंगचं तापमान दर शिफ्टला.

सीटरिंग:
५ गॅलनची मर्यादा इथे लावू नका. ती अमेरिकी प्लँटमधल्या रिअॅक्टर कूलंटच्या प्रेशर आयसोलेशन व्हॉल्व्हची (जास्त दाबाची बाजू कमी दाबाच्या बाजूपासून तोडणाऱ्या) आहे: दर इंचाला अर्धा गॅलन प्रति मिनिट, वरची हद्द ५. ६ इंचीला ३ गॅलन, म्हणजे सुमारे ११ लिटर. तुमच्या इथे त्याच्या विसाव्या भागानेही काम बिघडतं. २२० अंशांचं पाणी मिनिटाला अर्धा किलो गळून ६० अंशांपर्यंत उतरलं, तर पाइपात सतत ५-६ किलोवॅट उष्णता सोडतं.

चाचणीबद्दल: पूर्ण फ्लो गेला म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो, एवढंच कळलं. बंद होतो का, हे कुणी विचारलंच नाही. शेजारचा पंप चालू ठेवून बंद पंपाचा शाफ्ट उलटा फिरतो का ते बघा. मधल्या ड्रेनमधून येणारं पाणी मापाच्या भांड्यात घ्या आणि दोन्ही व्हॉल्व्ह वेगवेगळे तपासा. जोडीने तपासले तर एक चांगला व्हॉल्व्ह दुसऱ्या मेलेल्याला झाकतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे प्लँटच्या पहिल्या युनिटमध्ये २१ नोव्हेंबर १९८५ रोजी वीज गेली, तेव्हा फीडवॉटरचे पाच चेक व्हॉल्व्ह निकामी निघाले. लाइन रिकामी झाली आणि पुन्हा भरताना वॉटर हॅमरने पाइप आणि सपोर्ट हादरले. ते आधीपासूनच बिघडलेले होते, कळलं मात्र त्या दिवशी.

फीडलाइन:
धन्यवाद, व्हेंट करून पंप थंड केला. चार तासांत केसिंग ३२ वरून ४१ वर आलं, म्हणजे उघडणं आलंच. आत नेमकं काय पाहायचं? आणि पंप महिन्यातून थोडाच वेळ चालत असताना झीज होते कशी?

बिजागर:
थोडा वेळ चालतो, पण कुठल्या फ्लोवर? हिशेब करा. ६ इंची पाइपात ताशी १०० घनमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मीटर वेग. व्हॉल्व्ह रिसर्क्युलेशनच्या फाट्याच्या अलीकडे असेल आणि तिथून २५ जात असतील, तर वेग ०.४ मीटरच्या आत. त्या वेगाला डिस्क बॅकस्टॉपवर (पूर्ण उघडल्यावर टेकायच्या थांब्यावर) टेकत नाही, अधांतरी फडफडत राहते. उत्पादकाने दिलेला किमान वेग काढून ताडून बघा. व्हॉल्व्हच्या आधी पाइपच्या पाच व्यासांच्या आत एल्बो किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर फडफड आणखी वाढते.

उघडल्यावर पहिल्यांदा डिस्कच्या पाठीमागचा नट बघा. कॉटर पिन आहे का, तिचं भोक लांबट झालंय का, वॉशरवर चकचकीत घासल्याची कडी दिसते का. नट सैल झाला की डिस्क हातावर (तिला हिंजशी जोडणाऱ्या दांड्यावर) डुगडुगते, स्टडला थकव्याची भेग जाते आणि एक दिवस डिस्क पडते. मग हिंज पिन मायक्रोमीटरने एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी मोजा. पिन एका बाजूने खाल्ली गेली की डिस्क खाली लटकते आणि सीटवर नीट बसत नाही. ब्लू मॅचिंग (निळा रंग लावून डिस्क सीटला कुठे टेकते ते पाहणं) घेतलंत तर रंगाची कडी तुटलेली दिसेल. अशा वेळी नुसतं लॅपिंग (सीट आणि डिस्क घासून जुळवणं) करून भागत नाही, पिन आणि बुश बदला.

पंपघर:
जुळवणीत एक जागा फार घातक आहे. ज्या डिझाइनमध्ये हात बॉनेटला (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाला) टांगलेला असतो, तिथे बॉनेट किती खोल बसलं यावर डिस्कची जागा ठरते. ते जरा खाली-वर झालं तर डिस्क सीटच्या कडेला अडकून उघडीच राहते. उघडण्याआधी बॉनेटची उंची आणि दिशा मोजून खूण करा. बंद केल्यावर डिस्क बाहेरून दिसत नाही. एक अॅक्सेलेरोमीटर (कंपनं टिपणारा सेन्सर) सीटजवळ आणि एक हिंजजवळ लावून पंप चालू-बंद केला, तर बॅकस्टॉपचा आणि सीटचा ठोका वेगवेगळा ऐकू येतो. सीटचा ठोका आलाच नाही तर बॉनेट पुन्हा काढा. ठोका आला तरी उलट्या दिशेची गळती मोजून झाल्याशिवाय पंप सेवेत देऊ नका.