लिस्प: लूपमधून एलआय टॅग बनत नाहीत, पान रिकामं. तातडीने मदत हवी

अर्धविराम
सकाळपासून डोकं आपटतोय. नावांची यादी आहे, प्रत्येक नावाचा एक एलआय (एचटीएमएल यादीतली एक ओळ) हवाय. यादी बरोबर बनते, तपासली. पण पानावर नुसता रिकामा यूएल, म्हणजे यादीचा बाहेरचा टॅग. एररही नाही. उद्या दाखवायचंय!

कंसमामा
कुठलं लिस्प? या भाषेच्या बोली अनेक: कॉमन लिस्प, स्कीम, क्लोजर? लायब्ररी कोणती? कोड कुठाय? इथे कुणी पोपट घेऊन बसलेलं नाही.

प्र_वासी
क्लोजर आणि त्यातली एचटीएमएल बनवणारी लायब्ररी हिकप घ्या. टॅग म्हणजे साधा व्हेक्टर (चौकटी कंसातली यादी), फॉर लावला की काम झालं.

कंसमामा
भाषा बदलू का, असं त्यांनी विचारलेलं नाही.

अर्धविराम
कॉमन लिस्पच हो, दुसरं काय! एचटीएमएलसाठी सीएल-हू लायब्ररी. मोबाईलवर आहे, म्हणून कोड देवनागरीत:

(:यूएल (लूप फॉर न इन नावे कलेक्ट (लिस्ट :एलआय न)))

एसटीआर (मूल्य जसंच्या तसं छापणारं) लावलं तर ((एलआय गौरी) (एलआय समीर)) असं कंसांसकट छापून येतं.

चहाटळ
1958 सालची भाषा अजून चालते? मानलं बुवा.

मधली_ओळ
एरर येणारच नाही. सीएल-हूचा विथ-एचटीएमएल-आउटपुट, ज्याच्या आत तुमचा कोड आहे, हा मॅक्रो आहे, म्हणजे कोड लिहिणारा कोड. टॅग तो कंपाइल होतानाच ओळखतो, तेही समोर लिहिलेल्या कोडमधले. तुमची यादी बनते प्रोग्राम चालताना, तोवर त्याचं काम उरकलेलं असतं. लूपने परत दिलेलं कुणी घेतच नाही. कलेक्टऐवजी डू, आणि आत एचटीएम, म्हणजे पुढचे टॅग मॅक्रो ओळखेल:

(लूप फॉर न इन नावे डू (एचटीएम (:एलआय (ईएससी न))))

ईएससीच वापरा, ते < सारखी चिन्हं निरुपद्रवी करून (एस्केप करून) छापतं. एसटीआर नावात घुसवलेला स्क्रिप्ट टॅगही जसाच्या तसा छापेल.

प्र_वासी
हे ईएससी आठवणीने लिहावं लागतं हीच तर बोंब. हिकप आपोआप करतं.

कंसमामा
दुसऱ्या आवृत्तीपासून. पहिलीत तिथेही हातानेच करावं लागायचं. आणि कॉमन लिस्पमध्येच राहून एवढं हवं असेल तर स्पिनरेट लायब्ररी आहे की. आपोआप एस्केप करतं, एचटीएमही लागत नाही.

मधली_ओळ
उद्या दाखवायचंय त्यांना, आज लायब्ररी कुठे बदलायला लावता?

साधीसुधी
यूएलचे ठिपके नको असतील तर सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल नन द्या.

कंसमामा
ठिपक्यांचं कुणी विचारलं?

अर्धविराम
चाललं!! पण लूप वेगळ्या फंक्शनमध्ये हलवला की कंपाइलर ओरडतोय. तोच कोड आहे, अक्षरही बदललेलं नाही.

मधली_ओळ
एचटीएम, ईएससी यांना त्या मॅक्रोच्या बाहेर अर्थ नाही. फंक्शनच्या आत पुन्हा विथ-एचटीएमएल-आउटपुट गुंडाळा आणि बाहेरचा स्ट्रीम (एचटीएमएल जिथे लिहिलं जातं ती वाट) आर्ग्युमेंट म्हणून द्या. स्ट्रिंग परत देणारा त्याचा भाऊ वापरलात तर मात्र बाहेर एसटीआर लावायला विसरू नका, नाहीतर पुन्हा रिकामा यूएल.

अर्धविराम
स्ट्रीम दिला, जमलं. ठिपकेही काढले, छान दिसतंय. साधीसुधी, आभार.