शेवटच्या सात गोळ्यांविषयी
‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातील शेवटच्या सात काळपट गोळ्या टाकून दिल्या तरी चालतात, असे वर एका ताईंनी लिहिले आहे, त्याबद्दल थोडे. त्या लोहाच्या असतात आणि गर्भ रोखण्याचे काम आधीच्या २१ पांढऱ्या गोळ्यांचेच असते, हे खरे. परंतु त्या घेत राहिल्याने रोजची सवय मोडत नाही आणि २८वी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू होते. इकडे कोरेगावात माझी धाकटी जाऊ त्या टाकून देई, दिवसांचा हिशेब चुके आणि नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिराच उघडे. आशाताईंनी (गावच्या आरोग्य कार्यकर्तीने) पाकीट आरशाजवळ, टिकल्यांच्या डबीशेजारी ठेवायला सांगितले, तेव्हा कुठे घडी बसली. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केल्यास संरक्षण लगेच मिळते, नंतर केल्यास मात्र सात दिवस निरोधही वापरावा. रक्तदाब जास्त असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल (मिशरीचेही डॉक्टरांपासून लपवू नये) किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ही गोळी परस्पर सुरू करू नये. अंगावर पाजणाऱ्यांसाठी सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी मिळते, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते.