वावर आपण वाहतो, मंग ताबा सरकारचा कसा?

धुऱ्यावरचा: आमच्याकडं तलावासाठी १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यानं वावरं घेतली, निवाडा म्हनजे मोबदला ठरवायचा हुकूम झाला, पन वावर आजबी आमीच वाहून राह्यलो, तूर-कपाशी उभी हाय. आता सायेब म्हनते ताबा तवाच घेतला, पंचनामा पाहा. पंच कोन? ज्याचं वावर त्याले बलावलं नाई अन् ताबा झाला, हे मले मान्यच नाई.

कोर्टकचेरी: दादा, राग समजतो पण कायदा तुमच्या बाजूनं नाही. इंदूर विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायमूर्तींनी मार्च २०२० मध्ये सांगितलं की मोकळ्या जमिनीचा ताबा पंचनामा करून घेता येतो, आणि नंतर मूळ मालक तिथं वहिती करत राहिला तरी ती त्याची होत नाही, उलट अतिक्रमण धरतात. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) खाली जुनं संपादन तेव्हाच रद्द, जेव्हा निवाडा १ जानेवारी २०१४ च्या किमान ५ वर्षं आधीचा आहे, ताबा घेतला नाही आणि पैसेही दिले नाहीत. सरकार काय प्रत्येक वावरात पोलीस बसवणार का?

धुऱ्यावरचा: पोलीस बसवा कोन म्हनते? नोटीस द्या, दवंडी द्या, शेतकऱ्याची सही घ्या, नाई म्हनला तर तसं लिहा. एवढं बी होत नाई?

धानवाला: भाऊ, आमची बी आयका. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ले झालं, तवापासून लोक पान्याची वाट पाहून राह्यले, धान डोळ्यापुढं करपते. जो तो वावर धरून बसला त कालवा आभायातून न्यायचा का?

धुऱ्यावरचा: वावर गेलेल्यानं उशीर केला का पन? वीस-वीस वर्ष काम सुरू करत नाई अन् खापर आमच्यावर.

माहेर_पुसद: ताब्यावर भांडण्यापेक्षा तारखेवर भांडा. ताबा तेव्हाच घेतला म्हणतात ना, मग मोबदला तेव्हा दिला होता का किंवा कोर्टात जमा केला होता का ते विचारा. नसेल तर जुन्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून व्याज लागतं, पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५. नव्या कायद्यात तर कलम ३८ आहेच, पूर्ण पैसे दिल्याशिवाय ताबाच नाही.

कोर्टकचेरी: हे बरोबर. माहिती अधिकारात पंचनाम्याची नक्कल काढा, त्या वर्षाचा पीकपेरा सातबाऱ्यावर काय लागला तेही पाहा.

धुऱ्यावरचा: काढतो. पन वावर सोडनार नाई, पैसे हातात पडेपर्यंत त नाईच.