मदत हवी आहे : दोन पिकअप बदलले, तरी गिटारचा हवा तो टोन मिळेना

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहतो आणि गेली अकरा वर्षे हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझी गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर या गिटारच्या घाटाची, इंडोनेशियात तयार झालेली आहे. तिचे लाकूड, मान आणि फ्रेट यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चार-चार तासांच्या कार्यक्रमातही ती सुरात राहते. प्रश्न आहे तो तिच्या आवाजाचा. त्यासाठी दीड वर्षात दोन पिकअप (तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे भाग) बदलले, पण मी होतो तिथेच आहे, किंबहुना एका बाबतीत मागे आलो आहे. तिसऱ्यांदा पैसे घालण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणून हा धागा काढत आहे. अर्धवट माहितीवरून कुणाला निदान करावे लागू नये, यासाठी सर्व तपशील देतो. मजकूर लांबला तर कृपया सांभाळून घ्यावे.

प्रथम मला हवा असलेला टोन कोणता ते सांगतो. स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली आली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप आणि तीनच स्थितींचा स्विच होता. वादक तो स्विच दोन खाचांच्या मध्ये हलकेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत असत, आणि ती गोड सवय इतकी रुजली की १९७७ साली फेंडर कंपनीने पाच स्थितींचा स्विचच द्यायला सुरुवात केली. मला हवा आहे तो त्या मधल्या जागेतला, म्हणजे नेक (मानेजवळचा) आणि मधला पिकअप मिळून होणारा नाद. तार छेडताच काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा स्पष्ट आरंभ, आणि त्यामागून गोलाई असलेला, शांतपणे विरत जाणारा स्वर. गायकाच्या दोन ओळींमध्ये गिटारला जेमतेम दोन मात्रांची जागा मिळते. तेवढ्यात तो स्वर उमटला पाहिजे आणि गायकाच्या वाटेतून बाजूलाही झाला पाहिजे.

गिटारवर मुळात तिन्ही पिकअप सिरॅमिक चुंबकाचे होते, म्हणजे लोखंडी खुंट्या आणि त्यांच्या खाली चिकटवलेली चुंबकाची पट्टी. त्यांचा आवाज मला टोचरा वाटत असे. म्हणून पहिल्या खेपेस नेकच्या जागी अल्निको-५ (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या) चुंबकाचा पिकअप बसवून घेतला. मल्टीमीटरवर त्याचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) ६.१ किलो-ओहम भरतो. एकटा वाजवला तर तो खरोखर सुंदर वाजतो. परंतु ज्या स्थितीसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या चौथ्या स्थितीत, म्हणजे मधल्याबरोबर तो जोडला गेला की आवाज अचानक बारीक होतो, खर्ज नाहीसा होतो, नाकात बोलल्यासारखे वाटते आणि एकूण पातळीही खाली येते. बसवून देणाऱ्या कारागिराला मी हे ऐकवले, तेव्हा या स्थितीचा आवाज असाच पातळ असतो असे त्याने सांगितले. मी ते मान्य करून घरी आलो, पण कान मान्य करेनात.

दुसऱ्या खेपेस ब्रिजचा, म्हणजे घोडीजवळचा पिकअप बदलला. त्याचे कारण वेगळे होते. नाट्यगृहात दिव्यांचे डिमर अर्ध्यावर आले की माझ्या गिटारमधून असह्य चरचर येते, आणि जनरेटरवर कार्यक्रम असेल तर विचारूच नका. पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या पुढच्या प्लेटच्या) आतल्या पोकळीला मी तांब्याची चिकटपट्टी लावली. त्याने चरचर बरीच कमी झाली, पण खालची ५० हर्ट्झची गुणगुण तशीच राहिली. उलट वेढ्यांच्या दोन कॉइली जोडून गुणगुण मारण्याची जी युक्ती सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत १९५५ साली आणली, त्याच तत्त्वावरचा, पण सिंगल-कॉइलच्या खाचेत मावणारा दोन पट्ट्यांचा हंबकर मी निवडला. हाही सिरॅमिक आहे आणि त्याचा रेझिस्टन्स १५.८ किलो-ओहम आहे. गुणगुण गेली, आवाजही मोठा झाला. पण तो गिटारवर घोंगडी टाकून वाजवल्यासारखा मंद येतो. दुसऱ्या स्थितीत, म्हणजे मधल्याबरोबर, तो बरा वाटतो. खर्ज पूर्ण येतो.

आणखी एक त्रास नुकताच सुरू झाला आहे. नेक पिकअपचा आवाज नव्या हंबकरच्या बरोबरीला आणण्यासाठी मी त्याचे स्क्रू फिरवून तो बराच वर घेतला. तेव्हापासून सर्वांत जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर डगमगतो; एकाच तारेतून दोन किंचित वेगळे सूर निघावेत असे ऐकू येते. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का ते) दोनदा तपासून घेतले, त्यात दोष नाही.

व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट (बटणांखालचे, फिरवून बदलणारे रेझिस्टर) मूळचेच आहेत आणि त्यांच्यावर बी२५०के असे छापलेले आहे. ॲम्प्लिफायर मागे ड्रमच्या शेजारी असतो आणि मला पुढे यावे लागते, म्हणून दहा मीटरची केबल वापरतो. मधे एकही पेडल नाही.

आता एका दुकानदाराने तिन्ही पिकअपचा जुळवलेला अल्निको संच सुचवला आहे. त्याची किंमत म्हणजे माझी दोन महिन्यांच्या कार्यक्रमांची बिदागी आहे. घेतल्यावर पुन्हा हेच झाले तर मला ते परवडणारे नाही. आमच्या गावात तंतुवाद्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तानपुऱ्याच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकवून ते जवारी कशी खुलवतात हे मी लहानपणापासून जवळून पाहिले आहे, त्यामुळे वाद्य न बदलताही नाद बदलतो यावर माझा विश्वास आहे. इथेही तसे काही शक्य आहे का, की संच घेण्याला पर्याय नाही?

प्रतिसाद

नमस्कार. आपण माहिती इतकी नेमकी दिली आहे की गिटार समोर नसतानाही बरेचसे सांगता येईल. कृपया संचाची मागणी सध्या थांबवा. आपल्या तक्रारी तीन आहेत आणि तिघींची कारणे वेगवेगळी आहेत. नवा संच घेतला तर त्यांतल्या एखाद-दुसऱ्या योगायोगाने सुटतील आणि त्याचे श्रेय पिकअपना जाईल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौथ्या स्थितीची. आपल्या कानांनी आपल्याला बरोबर सांगितले होते. ती स्थिती एकट्या पिकअपपेक्षा हलकी वाजते हे खरे, पण तिच्यातून खर्ज नाहीसा होत नाही. खर्ज जाणे, पातळी पडणे आणि नाकातला आवाज येणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत असे समजावे. एकाच तारेच्या कंपनावर एकाचा विद्युतदाब वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली जातो, आणि जे दोघांत समान आहे, म्हणजे प्रामुख्याने खर्ज, ते परस्परांत विरून जाते. निरनिराळ्या उत्पादकांचे पिकअप एकत्र आले की हे सहज घडू शकते, कारण वेढ्यांची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ठरवलेले असतात.

याची खात्री गिटार न उघडता करता येते. केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर २० किलो-ओहमच्या पट्ट्यावर जोडा आणि स्विच फक्त नेकवर ठेवा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर पिकअपच्या खुंट्यांवर टेकवून झटकन वर उचला. त्या क्षणी आकडा वर उसळतो की खाली, ते पाहा. मग मल्टीमीटरच्या सुया न बदलता मधल्या पिकअपवर तेच करा. एकाचा आकडा वर आणि दुसऱ्याचा खाली गेला तर निदान पक्के.

उपाय म्हणजे एका पिकअपमधून निघणाऱ्या जोडणीच्या दोन तारांची अदलाबदल. मात्र ती नेकच्या तारांची करावी, मधल्याच्या तारांना हात लावू नये. दुसऱ्या स्थितीत खर्ज पूर्ण येतो असे आपण लिहिले आहे, म्हणजे मधला आणि ब्रिज यांचे जुळलेले आहे; मधला उलटवला तर चौथी स्थिती सुधारेल आणि दुसरी बिघडेल. नेकवर प्लॅस्टिकचे झाकण असेल तर ही अदलाबदल निर्धोक आहे. धातूचे झाकण असून ते ग्राउंडच्या तारेला जोडलेले असेल, तर आधी ती जोडणी सोडवावी लागेल.

तारा उलटवण्यापूर्वी एक निरीक्षण अवश्य करून ठेवा. आत्ता चौथ्या स्थितीत एकट्या नेकच्या तुलनेत गुणगुण कमी होते का? गुणगुण फक्त वेढ्यांच्या दिशेवर ठरते, तारेचा नाद मात्र वेढे आणि चुंबक दोन्हींवर. आत्ता गुणगुण कमी होत असेल तर तारा उलटवल्यावर नाद सुधारेल, पण गुणगुण परत येईल. आत्ता ती तशीच राहत असेल तर तारा उलटवल्यावर नादही भरेल आणि गुणगुणही जाईल.

डगमगणाऱ्या स्वराचे कारण चुंबक आहे. अल्निकोच्या पिकअपमध्ये खुंट्या स्वतःच चुंबक असतात. त्या तारेच्या फार जवळ गेल्या की तिला ओढून धरतात आणि तिचे कंपन विस्कटते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली अडीच ते तीन आणि बारीक तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर अंतर ठेवा. आवाजाची बरोबरी साधण्यासाठी नेक वर आणण्याऐवजी ब्रिजचा हंबकर खाली घ्यायला हवा होता. आपण जवारीच्या दोऱ्याचा उल्लेख केला, तो इथे अगदी लागू पडतो. स्क्रूचा अर्धा फेरासुद्धा ऐकू येतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने उतरवा आणि दर वेळी वाजवून पाहा.

राहता राहिली ब्रिजची घोंगडी. १५.८ किलो-ओहम हा आकडा पिकअप किती चांगला ते सांगत नाही. बारीक तारेचे वेढे पुष्कळ आहेत एवढेच तो सुचवतो. वेढे वाढले की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा विरोध) वाढतो. साध्या सिंगल-कॉइलचा तो दोन ते तीन हेन्री असतो, तर अशा हंबकरचा पाच ते आठ. त्यात केबलची भर पडते. साध्या केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर आपल्या दहा मीटरची हजार झाली. पिकअप जिथे सर्वांत तेजस्वी वाजतो ते रेझोनन्सचे शिखर या दोन आकड्यांवरून ठरते. आपल्या केबलवर नेकचे शिखर तीन किलोहर्ट्झजवळ येईल, तीन मीटरच्या केबलवर तेच पाचच्या आसपास गेले असते. हंबकरचे शिखर मात्र दोनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली बसत असणार, आणि २५० किलो-ओहमचे दोन पॉट ते आणखी बोथट करतात. तेव्हा आधी कुणाकडून तरी तीन मीटरची केबल मागून आणून वाजवून पाहा. याला एक पैसाही लागणार नाही. फरक पटला तर लांब केबल ठेवूनही गिटारजवळ बफर (लांब केबलचा भार पिकअपवर पडू न देणारे सर्किट) असलेला एखादा पेडल लावता येईल.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. शनिवारी कार्यक्रम नव्हता, त्यामुळे दिवसभर हेच केले.

नेकवर स्क्रू-ड्रायव्हर उचलताच आकडा ५.९५ वरून वर उसळला, मधल्यावर तोच खाली गेला. तीन-तीन वेळा करून पाहिले, प्रत्येक वेळी तसेच झाले. गुणगुणही तपासली, चौथ्या स्थितीत ती जराही कमी होत नव्हती. शंका राहू नये म्हणून मुलाच्या दप्तरातले होकायंत्र तारांवर धरले, तर सुईचे उत्तर टोक नेकच्या खुंट्यांकडे ओढले गेले आणि मधल्यावरून दूर ढकलले गेले. म्हणजे चुंबक एकमेकांच्या उलट होते आणि चूक केवळ जोडणीतच होती.

झाकण प्लॅस्टिकचे आहे. वाजवायच्या तारा सैल करून पिकगार्ड उलटा केला, नेकच्या दोन्ही तारा सोडवून त्यांची अदलाबदल केली. पॉटच्या पाठीवरचा सोल्डर माझ्या २५ वॉटच्या आयर्नने वितळेना, म्हणून शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून मोठे आयर्न आणावे लागले. सर्व परत बसवून चौथ्या स्थितीत सहाव्या तारेवर पहिला स्वर छेडला आणि खर्ज आला. मी बराच वेळ तो एकच स्वर वाजवत बसलो. गुणगुणही जवळजवळ नाहीशी झाली आहे. दीड वर्ष मी जे शोधत होतो, ते त्याच दोन पिकअपमध्ये होते.

नेक पावणेतीन मिलिमीटरवर आणल्यावर डगमग थांबली. तीन मीटरच्या केबलवर ब्रिज उघडा झाला, तरी मला अजून थोडा हवा आहे. त्यासाठी पॉट ५०० किलो-ओहमचे घ्यावेत असे वाटते, पण त्यामुळे नेकची आत्ता जमलेली गोलाई जाईल अशी भीती आहे. तसे झाले तर काय करावे? आणि पॉटवरच्या बी या अक्षराचा अर्थ काय?

प्रतिसाद

फार आनंद झाला. बी म्हणजे समप्रमाणात वाढणारा पॉट. व्हॉल्यूमसाठी ए अक्षराचा घ्या, तो कानाच्या जाणिवेप्रमाणे उतरतो. विकत घेताना मल्टीमीटर सोबत न्या, कारण ५०० छापलेला पॉट प्रत्यक्षात चारशेही भरू शकतो. नेकसाठी त्याची गरम तार (संकेत वाहून नेणारी) स्विचला जिथे जोडली आहे, तिथून ग्राउंडपर्यंत ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. त्यामुळे त्या पिकअपला ५०० चा पॉट सुमारे २४२ चा भासेल आणि गोलाई टिकेल, तर ब्रिज एकटा वाजताना त्याला पूर्ण ५०० मिळतील. आधी फक्त व्हॉल्यूमचा पॉट बदला, एक कार्यक्रम वाजवून पाहा, आणि टोनच्या पॉटना हात लावायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.